सापडल्यानंतर काय?

बिगफूट खरोखरच सापडला, त्याचा देह शास्त्रज्ञांच्या मेजावर आला, त्याला लॅटिन नाव मिळाले आणि शंकेला जागा उरली नाही, तर त्याच्याविषयीचे कुतूहल टिकेल काय? हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकड्यांचा वाटेल. अमेरिकेच्या अरण्यातील एका न सापडलेल्या केसाळ महावानराशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. तथापि आमच्या मते या प्रश्नात आपल्या सर्वांचीच परीक्षा आहे. आपले मन एखाद्या वस्तूवर जडले आहे की केवळ तिच्या शोधावर, हे माणसाला सहसा कळत नाही. ती वस्तू हाती आल्यावरच ते उघडे पडते.

आमच्या धर्मग्रामातील मुले पूर्वी दूरचित्रवाणीवर आणि आता मोबाईलवर बिगफूटच्या चित्रफिती पाहतात आणि मोठ्या उत्साहाने आम्हाला सांगतात की, एकदा पुरावा मिळू द्या, मग सारे जग त्या प्राण्यामागे धावेल. त्यांचे वडील हसतात आणि म्हणतात, मुळात असे काही नाहीच, तेव्हा कशाला ही चर्चा? आम्हाला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. पुरावा मिळाला तर जग धावेल हे खरे, पण फार दूरवर धावणार नाही. काही महिन्यांत ते दुसरीकडे वळेल आणि तो प्राणी आपल्या संकटासह एकटा राहील. मात्र ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. असे म्हणण्यास आमच्यापाशी आधार आहे, कारण हा प्रयोग अन्य प्राण्यांच्या बाबतीत अनेकदा होऊन गेला आहे.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मूळ रहिवाशांच्या कथांत रानात राहणाऱ्या प्रचंड माणसांचा उल्लेख पूर्वापार आहे. तेथे शिक्षक असलेल्या जे. डब्ल्यू. बर्न्स यांनी १९२० च्या दशकात त्या कथा लिहून काढल्या आणि त्या लोकांच्या भाषेतील शब्दावरून ‘सॅस्क्वॉच’ हे नाव रूढ केले. पुढे १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस ब्लफ क्रीक येथे रस्त्याचे काम चालू असता, बुलडोझर चालविणाऱ्या जेरी क्रू यांना सोळा इंच लांबीचे पावलांचे ठसे आढळले. स्थानिक वृत्तपत्राने ती हकीकत छापली आणि ‘बिगफूट’, म्हणजे मोठ्या पावलांचा, हे नाव जगभर गेले. २० ऑक्टोबर १९६७ रोजी त्याच परिसरात रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी जेमतेम मिनिटभराची फिल्म घेतली. ओढ्याकाठाने चालत जाणारी आणि चालता चालता मागे वळून पाहणारी तिच्यातील केसाळ आकृती आजही वादाचा विषय आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. २००२ साली त्या रस्त्याचे कंत्राटदार रे वॉलेस वारले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठाली पावले बाहेर काढून दाखविली आणि १९५८ चे ठसे ही त्यांनी केलेली थट्टा होती असे जाहीर केले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेकडे बिगफूटचे म्हणून काही केस पाठविण्यात आले. ते हरणाच्या कुळातील प्राण्याचे निघाले. २०१४ साली ब्रिटनमधील आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी जगभरातून आलेल्या अशा केसांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात अस्वल, घोडा, गाय, लांडगा असे ओळखीचेच प्राणी सापडले.

इतके झाल्यावर कुतूहलाला ओहोटी लागावयास हवी होती. ती लागली नाही. यावरून चाहते असा निष्कर्ष काढतात की, जे कुतूहल नकाराने मेले नाही ते होकाराने तर दुप्पट होईल. आमच्या मते निष्कर्ष नेमका उलटा निघतो. जे कुतूहल पुराव्याच्या अभावावर पोसले आहे, त्याला पुराव्याचा अभाव कसा मारील? त्याला मारील तो पुरावाच. केस हरणाचे निघाले की शोध पुढे चालू राहतो. केस बिगफूटचे निघाले की शोध संपतो.

एक उदाहरण पाहा. अ‍ॅनिमल प्लॅनेट या वाहिनीवर २०११ पासून २०१८ पर्यंत बिगफूटच्या शोधाची एक मालिका चालली. सात वर्षे, अनेक पर्वे, रात्रीचे कॅमेरे, जंगलात दिलेल्या हाका. बिगफूट एकाही भागात सापडला नाही आणि तरीही मालिका चालतच राहिली. आम्ही वाचकांनाच विचारतो, पहिल्याच आठवड्यात तो प्राणी सापडला असता तर दुसऱ्या पर्वाला प्रेक्षक मिळाले असते काय? कदाचित मिळाले असते, पण मग ती मालिका वाघ-सिंहांवरील माहितीपटांच्या रांगेत जाऊन बसली असती आणि माहितीपट पाहणाऱ्यांची संख्या किती असते हे आपल्या घरातील दूरचित्रवाणी संच कोणाच्या ताब्यात असतो त्यावरून वाचकांनी ताडावे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बिगफूट म्हणजे काय? तर माणसाच्या जवळचा, अज्ञात असलेला, मोठा वानर. अशा एका वानराचा शोध अगदी अलीकडे लागला आहे आणि त्याला कसलाही संशय चिकटलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर बातांग तोरूच्या अरण्यात राहणारा ओरांगउटान ही स्वतंत्र जात आहे. तापानुली ओरांगउटान असे तिचे नाव. १९२९ साली बोनोबोची ओळख पटल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी महावानरांच्या कुटुंबात नवा सदस्य दाखल झाला होता. त्याची संख्या त्या वेळीच आठशेच्या आत होती आणि त्याच्या अरण्यात जलविद्युत प्रकल्पाचे धरण येऊ घातले होते.

जगाने काय केले? वृत्तपत्रांनी एक दिवस छायाचित्र छापले. त्यानंतर काही शास्त्रज्ञ व काही संघटना धरणाविरुद्ध पत्रे लिहीत राहिल्या. बस. त्याच्या नावाने कोणी उत्सव भरविला नाही, त्याच्या पावलांचे साचे कोणी विकले नाहीत, रात्री रानात जाऊन त्याला कोणी हाका मारल्या नाहीत. महावानरांच्या नव्या जातीसाठी पन्नास-साठ वर्षे व्याकूळ झालेल्या हजारो माणसांच्या डोळ्यांसमोर एक नवी जात उभी राहिली आणि त्यांतील बहुतेकांनी तिच्याकडे मान वळवूनही पाहिले नाही. हा योगायोग नव्हे. त्यांना वानर नको होता. त्यांना सापडत नाही असा वानर हवा होता.

यावर चाहते म्हणतील, ओरांगउटान आम्हाला आधीच माहीत होता, बिगफूटची गोष्ट वेगळी. तर मग ज्यांची गोष्ट वेगळी होती अशांचेच पाहू. मध्य आफ्रिकेच्या घनदाट अरण्यातील ओकापी हा जिराफाच्या कुळातील, पायांवर पट्टे असलेला प्राणी तेथील रहिवाशांना ठाऊक होता. युरोपीयांना मात्र तो केवळ ऐकीव होता. १९०१ साली हॅरी जॉन्स्टन यांनी मिळविलेल्या कातडी व कवट्यांमुळे तो सिद्ध झाला. ऐकीव प्राण्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनी १९८२ साली एक आंतरराष्ट्रीय संस्था काढली, तेव्हा बोधचिन्ह म्हणून त्यांनी याच ओकापीला निवडले. कारण दंतकथा खरी ठरू शकते याचा तो जिवंत दाखला होता. ती संस्था १९९८ मध्ये बंद पडली. ओकापी मात्र अजून आहे आणि संकटात आहे. जून २०१२ मध्ये कांगोतील एपुलू येथील संरक्षण केंद्रावर सशस्त्र टोळीने हल्ला केला, माणसे मारली आणि तेथील चौदा ओकापीही मारले. ही बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली होती?

व्हिएतनामचा साओला याहूनही बोलका आहे. १९९२ साली वू क्वांग येथील शिकाऱ्यांच्या घरांत लांब, सरळ शिंगे आढळली आणि एक मोठा प्राणी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विज्ञानाच्या नजरेतून सुटला होता हे सिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत एकाही शास्त्रज्ञाने तो रानात प्रत्यक्ष पाहिलेला नाही. २०१३ साली जंगलात लावलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले त्याचे छायाचित्र हीच त्याची शेवटची खात्रीची नोंद. इतर प्राण्यांसाठी लावलेल्या तारांच्या फासांत अडकून तो मरतो. म्हणजे गूढ हवे असेल तर ते येथे भरपूर आहे आणि ते सिद्ध झालेले गूढ आहे. तरीही साओला पाहण्याच्या वेडाने झपाटलेली गर्दी आम्हाला कोठे आढळली नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही कुतूहलाला फार लवकर मारीत आहात; ते मरणार नाही, फक्त घर बदलील. हे मात्र आम्हाला पटते आणि आमच्या म्हणण्याला त्याने बळकटीच येते. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रात उतरला, तेव्हा त्याने एकशिंगी पाहिले. युरोपातील दंतकथांत एकशिंगी म्हणजे पांढराशुभ्र, नाजूक, कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवणारा प्राणी. पोलोला दिसला तो चिखलात लोळणारा, ओबडधोबड अंगाचा गेंडा. आपल्याकडे सांगतात तसा हा मुळीच नाही, असे त्याने निराशेने नोंदविले. पुढे काय झाले? पांढरा एकशिंगी आजही मुलांच्या दप्तरांवर आणि वाढदिवसाच्या केकवर दिमाखात उभा आहे. सुमात्रातील गेंडे मात्र आज पन्नासही उरलेले नाहीत. खरा प्राणी हाती आला, तेव्हा कथेने त्याला नाकारले आणि ती पुढे निघून गेली.

समुद्रातील क्राकेन राक्षसाचेही तेच. १८५७ साली डॅनिश शास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यांनी महाकाय माखलीला शास्त्रीय नाव दिले आणि २००४ साली जपानी संशोधकांनी खोल समुद्रात ती जिवंत असताना तिची छायाचित्रे घेतली. तथापि चित्रपटांत आजही जहाजे बुडवितो तो क्राकेन. बिगफूट सापडला तर असेच होईल असे आम्हाला वाटते. पिंजऱ्यातल्या त्या बापड्या जनावराकडे बोट दाखवून लोक म्हणतील, हा काही खरा बिगफूट नव्हे. खरा अजून वरच्या रानात आहे.

आमच्याविरुद्ध दोन आक्षेप अधिक वजनदार आहेत. त्यांना उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला डायनोसॉरचा. डायनोसॉर सिद्ध झाले, १८४२ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे नामकरण केले आणि तरीही लहान मुलांचे त्यांच्यावरील प्रेम यत्किंचितही कमी झाले नाही. हे खरे आहे. परंतु डायनोसॉरला आपल्याकडून काही नको असते. त्याला अरण्य नको, पाणी नको, शेताच्या बांधापलीकडची जागा नको. मेलेल्या प्राण्यावर प्रेम करणे स्वस्त पडते. जिवंत सिद्ध झालेला बिगफूट दुसऱ्याच दिवशी आपल्यापुढे हात पसरील. खरी कसोटी तेव्हा लागेल.

दुसरा आक्षेप पांडाचा आणि तो आमच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण त्या प्राण्याची ओळख जगाला एका कॅथलिक धर्मगुरूने करून दिली. व्हिन्सेंशियन संघाचे फ्रेंच मिशनरी फादर आर्मां दाव्हिद यांनी ११ मार्च १८६९ रोजी चीनच्या सिच्वान प्रांतातील एका घरी पांडाचे कातडे पाहिले आणि पुढे नमुने पॅरिसला धाडले. आज पांडा जगाचा लाडका आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण मधली वर्षे विसरून चालणार नाही. पुराव्यानंतर पहिली साठ वर्षे त्याच्याविषयीचे पाश्चात्त्य कुतूहल मुख्यतः बंदुकीचे आणि संग्रहालयाचे होते. १९२९ साली अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या, थिओडोर रूझवेल्ट यांच्या, दोन पुत्रांनी पांडाची शिकार केली, ती कौतुकाची गोष्ट ठरली. १९३६ मध्ये रूथ हार्कनेस यांनी पांडाचे जिवंत पिल्लू अमेरिकेत नेले, १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीने त्याला बोधचिन्ह केले. २०१४ च्या गणनेत रानातील पांडांची संख्या १,८६४ भरली, त्यामागे राखीव अरण्ये, शिकारबंदी आणि दीर्घकाळचा सरकारी खर्च आहे. म्हणजे येथे टिकले ते कुतूहल नव्हे. कुतूहल केव्हाच सरले आणि त्याच्या जागी काळजी आली. ती आपोआप आली नाही. माणसांनी ती कष्टाने आणली.

पर्वतीय गोरिलाची गोष्टही हेच सांगते. १९०२ साली जर्मन अधिकारी रोबेर्ट फोन बेरिंगे याने ज्वालामुखीच्या उतारावर गोळी घातली तेव्हा तो सिद्ध झाला. पुराव्याची किंमत प्राण्यानेच मोजली. बिगफूटच्या शोधकांतही हा वाद आहे. वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ ग्रोव्हर क्रांट्झ उघडपणे म्हणत की, एक बिगफूट मारल्यावाचून विज्ञान ऐकणार नाही. ज्याच्यावर आपण जीव टाकतो असे म्हणतो, त्याच्या पहिल्या भेटीसाठी त्याचे प्रेत लागावे, यावर चाहत्यांनी क्षणभर विचार करावा. गोरिला वाचले ते डायन फॉसी यांच्यासारखी माणसे तेथे राहिली म्हणून. फॉसी यांची १९८५ मध्ये हत्या झाली. पुढे पहारे बसले, मर्यादित पर्यटन सुरू झाले, त्यातून खेड्यांना पैसा मिळू लागला आणि अलीकडच्या गणनेत पर्वतीय गोरिलांची संख्या हजाराच्या वर गेली.

आता बिगफूटच्या स्वतःच्या अरण्यात जाऊ आणि पुरावा मिळाला अशी कल्पना करू. वॉशिंग्टन राज्यातील स्कामेनिया कौंटीने १९६९ सालीच एक ठराव करून बिगफूटला मारणे हा गुन्हा ठरविला. दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. पुढे १९८४ मध्ये ती शिक्षा सौम्य करण्यात आली. न सापडलेल्या प्राण्याला संरक्षण देणे सोपे होते, त्याने कोणाचीही चूल विझली नाही. त्याच पट्ट्यातील जुन्या अरण्यांत ठिपकेदार घुबडाची एक जात राहते. ती दंतकथा नव्हे. ती मोजता येते. जून १९९० मध्ये अमेरिकन सरकारने तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले, न्यायालयाने सरकारी अरण्यातील लाकडाची विक्री रोखली, १९९४ मध्ये वॉशिंग्टन, ऑरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या अरण्यांसाठी नवी योजना आली. त्या घुबडाला काय मिळाले? द्वेष. लाकूडतोडीवर पोट असलेली कुटुंबे म्हणाली, एका पाखरासाठी आमच्या मुलांनी उपाशी राहावे काय? त्यांचा राग आम्हाला समजतो. कापगिरणी बंद पडली की गाव कसे ओसाड होते, हे आपल्या मुंबईत कापडगिरण्यांच्या संपानंतर गिरणगावात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

सिद्ध झालेला बिगफूट म्हणजे आठ फूट उंचीचे हे घुबडच होय. एका जोडीला किती चौरस मैल अरण्य लागते, तेथील ओंडके कोणी तोडावयाचे नाहीत, रस्ता कोठून वळवावयाचा, नुकसानभरपाई कोणी द्यावयाची, हे प्रश्न उभे राहतील. आज ज्या दुकानात त्याच्या लाकडी प्रतिमा विकल्या जातात, त्याच दुकानाच्या दारात उद्या त्याच्याविरुद्ध पत्रके वाटली जातील. त्या दिवशी त्याच्या बाजूने सभेत उभे राहणारे कितीजण असतील, हाच खरा प्रश्न आहे. कुतूहल टिकेल काय, याचा अर्थ आमच्या लेखी एवढाच आहे.

घुबडावरून घुबड आठवते, आणि हे आपल्या दाराशी आहे. रानपिंगळा ही आपल्या मध्य भारतातील एक छोटी घुबडाची जात. १८८४ नंतर तिची खात्रीलायक नोंद नव्हती. मध्यंतरी १९१४ ची म्हणून मांडलेली एक नोंद पुढे बनावट ठरली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत संग्राहकाने दुसऱ्याने जमविलेला जुना नमुना नव्या चिठ्ठीसह आपला म्हणून ठेवला होता. ती लबाडी उघड करणाऱ्या पॅमेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ आले आणि त्यांना रानपिंगळा भर सकाळी फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी पुन्हा भेट झाली. २०१४ साली तो तानसाच्या अभयारण्यातही आढळला. म्हणजे वसईच्या आमच्या वाचकांपासून तो काही तासांच्या अंतरावर आहे. बिगफूटच्या पावलांची लांबी इंचात सांगू शकणाऱ्या आमच्या मुलांपैकी किती मुलांना रानपिंगळ्याचे नाव ठाऊक आहे? दोष मुलांचा नाही. त्यांना न सापडलेल्याचा नाद आपणच लावला आणि सापडलेल्याची ओळख करून देण्याचे राहून गेले.

येथे एका शब्दाविषयी बोलणे भाग आहे. बिगफूटचे चाहते म्हणतात, ‘आमचा बिगफूटवर विश्वास आहे.’ विश्वास हा शब्द आम्हा धर्मगुरूंच्या रोजच्या वापरातला असल्यामुळे त्याचा हा वापर आम्हाला खटकतो. ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याच्यासाठी काही करावे लागते, काही सोडावे लागते. तसे नसेल तर ती केवळ आवड होय. आवड असण्यात पाप नाही. शेकोटीभोवती बसून भयकथा ऐकण्यात जो आनंद आहे, तो आम्ही कोणाकडूनही हिरावून घेऊ इच्छित नाही. आमचा आक्षेप एवढाच की, आवडीला विश्वासाचे नाव देऊ नये आणि विरंगुळ्याला शोधाचे.

शोधाला निघालेल्या सर्वांनाच आम्ही एका मापाने मोजीत नाही. बिगफूटचा हिमालयातील भाऊबंद म्हणजे यती. नेपाळ सरकारने १९५९ मध्ये त्याच्या शोधमोहिमांसाठी पाच हजार भारतीय रुपये शुल्क ठरविले होते आणि स्वसंरक्षणाखेरीज त्याला मारण्यास मनाई केली होती. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या सैन्याच्या गिर्यारोहक तुकडीला मकालू तळाजवळ बत्तीस इंच लांबीचे ठसे दिसल्याचे जाहीर झाले, तेव्हा दोन दिवस देशभर यतीचीच चर्चा होती. त्याच परिसरातील बारुणच्या खोऱ्यात १९८३ साली डॅनियल टेलर यतीच्या शोधात गेले होते. मसुरीला वाढलेला हा अमेरिकन गृहस्थ लहानपणापासून यतीने झपाटलेला. त्यांना उत्तर मिळाले ते अस्वलाचे. पण ते निराश होऊन परतले नाहीत. ते खोरे वाचले पाहिजे असे त्यांना वाटले आणि १९९२ मध्ये मकालू-बारुण राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

सुमात्रातही असेच घडले. ब्रिटिश पत्रकार डेबी मार्टर ‘ओरांग पेंडेक’ या दोन पायांवर चालणाऱ्या ठेंगण्या वानराच्या ऐकीव कथांनी ओढल्या जाऊन केरिंची सेब्लाटच्या अरण्यात राहिल्या. तो वानर सिद्ध झाला नाही. मात्र २००० सालापासून त्यांनी स्थानिक वनरक्षकांसह वाघांसाठी लावलेले फास काढण्याचे आणि चोरट्या शिकाऱ्यांना पकडण्याचे काम उभे केले. या दोघांना हवे ते मिळाले नाही. जे मिळाले त्याला मात्र त्यांनी पाठ दाखविली नाही. अशा माणसांच्या हाती उद्या बिगफूट सापडला तर त्याला भिण्याचे कारण नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर स्पष्ट आहे. बिगफूटच्या पुराव्यानंतर त्याच्याविषयीचे आजचे कुतूहल टिकणार नाही. ते थोडा काळ भडकेल, मग ओसरेल आणि नवे बिऱ्हाड शोधील. त्याच्या जागी काही उरले तर ती मूठभर माणसांची चिकाटी असेल आणि त्या प्राण्याचे जगणे-मरणे सर्वस्वी तिच्यावर अवलंबून राहील. आमची चाहत्यांना विनंती आहे की, त्यांनी पुराव्याची वाट पाहत बसू नये. पुराव्यानंतर जे करू असे ते म्हणतात, ते करण्यास आजच वाव आहे. तापानुलीच्या रानात आहे, साओलाच्या डोंगरात आहे, तानसाच्या सागवानातही आहे.

आणि पालकांना आम्ही म्हणू की, मुलाच्या बिगफूटला हसू नका. त्याला एवढेच विचारा, ‘बाळा, तो सापडला तर दुसऱ्या दिवशी तू त्याच्यासाठी काय करशील?’ मूल जर म्हणाले की, मग मी दुसरे काही शोधायला जाईन, तर त्याला जवळ बसवून रानपिंगळ्याची गोष्ट सांगा. आणि ते जर म्हणाले की, त्याला राहायला रान आहे का ते मी पाहीन, तर पुढच्या रविवारी त्याला घेऊन तानसाला जा.